ज्वारी कशावर दळली? सीलिॲक, कॅनडाचं लेबल आणि आपलं स्वयंपाकघर

मिसिसागातल्या कुठल्याही मोठ्या देशी ग्रोसरीत आता मिलेटची वेगळी मांडणी दिसते. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा तर आहेतच. शिवाय ज्वारीचे पोहे, नाचणीची बिस्किटं, ‘मल्टी-मिलेट आटा’ असं बरंच काही. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून ही मांडणी लांबतच चाललीय. दुसरीकडे कॅनडा सरकारने पाकिटाच्या दर्शनी भागावर नवी खूण सक्तीची केली आहे. साखर, मीठ किंवा संपृक्त चरबी प्रमाणाबाहेर असेल तर समोरच भिंगाचं चित्र असलेली काळी-पांढरी चौकट छापायची. कंपन्यांना त्यासाठी १ जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत होती. थोडक्यात काय, आपण काय खातोय याची माहिती पूर्वी कधी नव्हती एवढी आज पाकिटावरच मिळते.

पण घरात कुणाला सीलिॲक असेल तर याच मांडणीपुढे सगळ्यात जास्त वेळ जातो. ती नवी खूण ग्लूटेनबद्दल अवाक्षर काढत नाही. नाचणीच्या बिस्किटाचं पाकीट उलटं केलं की बऱ्याचदा घटकांच्या यादीत पहिला मैदा निघतो. मल्टिग्रेन आट्यात बहुधा सगळ्यात मोठा वाटा गव्हाचाच असतो. आणि जिच्यात ज्वारीशिवाय दुसरं काहीही नाही, अशी पिशवी हातात घेतली तरी प्रश्न उरतोच: ही ज्वारी दळली कुठे, आणि तिच्या आधी त्या जात्यात काय होतं?

आमच्या घरात एकाला सीलिॲक असल्याचं कळून आता सहा वर्षं होतील. या काळात लोकांनी सर्वात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, “मग चालतं तरी काय?” उत्तरादाखल आपण धान्यांची यादी म्हणून दाखवतो आणि विषय संपतो. माझ्या मते ही यादी म्हणजे अर्धंच उत्तर आहे. पदार्थ चालतो की नाही हे धान्याच्या नावावर जेवढं ठरतं, तेवढंच ते धान्य शेतापासून ताटापर्यंत कुठल्या वाटेने आलं यावर ठरतं. त्या वाटेचा पाकिटबंद भाग कॅनडाचा कायदा बऱ्यापैकी सांभाळतो. मात्र आपण मराठी माणसं जे खातो त्यातला मोठा वाटा या कायद्याच्या कक्षेत येतच नाही. तो भाग आपल्यालाच सांभाळावा लागणार आहे.

आजार नेमका काय आहे?

सीलिॲक म्हणजे ॲलर्जी नव्हे, आणि ‘गहू पचत नाही’ असंही नव्हे. गहू, बार्ली म्हणजे जव, आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. कुणाला जुलाब, पोटफुगी. कुणाचं मूल वाढतच नाही. कुणाची हाडं ठिसूळ होतात. कुणाला पोटाचा काहीही त्रास नसतो, फक्त वर्षानुवर्षं हिमोग्लोबिन वर येत नाही. आपल्याकडच्या किती बायका लोहाच्या गोळ्यांवर वर्षं काढतात, ते आठवून पाहा.

ग्लूटेनचा हा दोष सापडला त्यामागे एका उपासमारीची गोष्ट आहे. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना अशा मुलांच्या आहारातल्या गव्हाबद्दल आधीपासून शंका होती. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, तिथे भीषण अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. एरवी खंगत जाणारी ही मुलं त्या दिवसांत सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात हे सगळं मांडलं. आजही या आजारावर गोळी नाही. ग्लूटेन आयुष्यभर, आणि पूर्ण बंद, हाच उपाय.

जगात साधारण शंभरात एकाला सीलिॲक असतो असं मानलं जातं. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तरेत हरियाणा, ईशान्येत आसाम आणि दक्षिणेत वेल्लोर इथल्या तेवीस हजारांहून जास्त प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत हजारी साधारण साडेआठ जणांना सीलिॲक निघाला, दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एकाला. या आजारासाठी लागणारी आनुवंशिक वैशिष्ट्यं तिन्हीकडे साधारण सारखीच होती. मोठा फरक होता रोजच्या गव्हाच्या प्रमाणात. महाराष्ट्र त्या तीन ठिकाणांमध्ये नव्हता. पण आपली गोष्ट आपल्याला माहीत आहे. आजीच्या ताटात ज्वारी-बाजरीची नाहीतर तांदळाची भाकरी होती, आईच्या ताटात पोळी आली, आणि आपल्या मुलांच्या दिवसात पोळी, पास्ता, पिझ्झा, बेगल असा चारही वेळा गहू असतो. “आमच्या घराण्यात हे कुणाला नव्हतं” या वाक्यात फारसा दम नाही, तो म्हणूनच.

वीस पीपीएम म्हणजे किती?

कॅनडात पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर मर्यादा आहे दहा लाख भागांत वीस भागांची, म्हणजे एक किलो पदार्थात जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लूटेन. अमेरिकेतही मर्यादा वीसचीच आणि भारतातल्या एफएसएसएआयचीही वीसच. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन गेलं तर बहुतेक सीलिॲक रुग्णांच्या आतड्याला इजा होत नाही, असं संशोधन सांगतं. म्हणजे मर्यादेला टेकलेलं ग्लूटेन-फ्री अन्न कुणी दिवसभरात अर्धा किलो खाल्लं, तरी गाडी दहावर थांबते.

आता हेच आपल्या पोळीला लावून पाहू. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण दोन-अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक. “एवढंसं खा, काही होत नाही” असं जे प्रेमाने म्हटलं जातं, त्यातलं ‘एवढंसं’ किती असतं ते यावरून कळेल. प्रेम खरंच असतं, माप मात्र चुकतं.

कॅनडात ४ ऑगस्ट २०१२ पासून लेबलचे नियम कडक झाले. पाकिटातल्या पदार्थात ग्लूटेन असेल तर गहू, बार्ली, राय, ओट्स असं धान्याचं नाव सरळ लिहावंच लागतं. त्यामुळे यादीत नुसतं माल्ट किंवा सेमोलिना असा आडपडदा राहत नाही. ‘मे कंटेन व्हीट’ ही सूचना मात्र ऐच्छिक आहे. ती नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. हा बारकावा लक्षात ठेवायला हवा.

मिसिसागात गाजलेला चिरिओजचा वाद

कायदा असला तरी त्याचा अर्थ कोण लावतो, हे महत्त्वाचं. त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच गावात घडलं. १९७२ पासून काम करणारी कॅनेडियन सीलिॲक असोसिएशन, म्हणजे आताची सीलिॲक कॅनडा, या संस्थेचं राष्ट्रीय कार्यालय अनेक वर्षं मिसिसागात आहे. चिरिओज बनवणाऱ्या जनरल मिल्सचं कॅनडातलं मुख्यालयही मिसिसागातलंच.

ओट्समध्ये मुळात गव्हासारखं ग्लूटेन नसतं. पण प्रेअरी प्रांतांत ओट्स, गहू आणि बार्ली एकाच पट्ट्यात, आलटूनपालटून त्याच शेतांत पिकतात. कापणीचं यंत्र तेच, ट्रक तेच, कोठारही तेच. हेल्थ कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये बाजारातल्या ओट्सचे १३३ नमुने तपासले. त्यातले ८८ टक्के वीसच्या वर निघाले! २०१५ च्या मे महिन्यात सरकारने खास काळजी घेऊन तयार केलेल्या ओट्सना ग्लूटेन-फ्री लिहिण्याची परवानगी दिली. अशी काळजी घेण्याच्या दोन तऱ्हा. एक, बियाण्यापासून पाकिटापर्यंत ओट्स वेगळेच ठेवायचे. दुसरी, नेहमीचे ओट्स घेऊन त्यातले गहू-बार्लीचे दाणे यंत्राने निवडून काढायचे. चिरिओजसाठी कंपनीने दुसरी तऱ्हा निवडली.

अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात चुकून गव्हाचं पीठ मिसळलं गेलं आणि सुमारे १८ लाख खोकी परत मागवावी लागली. २०१६ मध्ये ग्लूटेन-फ्री चिरिओज कॅनडात आले, तेव्हा असोसिएशनने सीलिॲक रुग्णांना ते न खाण्याचा सल्ला दिला. आक्षेप चाचणीच्या पद्धतीला होता. निवडणीत एखादा गव्हाचा दाणा राहिला तर तो सगळ्या खोक्यांत सारखा वाटला जात नाही, एकाच वाटीत येतो. दहा खोक्यांची सरासरी वीसच्या आत असेल, पण ज्याच्या वाटीत तो दाणा आला त्याला सरासरीचा काय उपयोग? अखेर जानेवारी २०१८ पासून कॅनडातल्या चिरिओजच्या खोक्यांवरून ग्लूटेन-फ्री हे शब्द गेले. सीमेपलीकडे अमेरिकेत मात्र ते राहिले.

या प्रकरणातून आपण घ्यायचं ते एवढंच: लेबल ही आकाशवाणी नव्हे. नागरिकांनी संघटितपणे, अभ्यास करून प्रश्न विचारले तर बलाढ्य कंपनीलाही शब्द मागे घ्यावे लागतात.

आपल्या गिरणीतलं शहाणपण

ओट्सचं जे झालं तेच ज्वारी-बाजरीचं होऊ शकतं. हेल्थ कॅनडाच्याच शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मुळात ग्लूटेन नसलेल्या धान्यांच्या पिठांचे आणि स्टार्चचे ६४० नमुने तपासले. या पाकिटांवर ग्लूटेन-फ्रीचा दावा नव्हता. त्यातले सुमारे साडेनऊ टक्के मर्यादेच्या वर गेले. दावा छापलेल्या नमुन्यांत मात्र हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं. म्हणून इथले आहारतज्ज्ञ सांगतात, की डाळ-तांदूळ अख्खे घेतले तर निवडून-धुऊन वापरता येतात, पण पीठ घ्यायचं तर ग्लूटेन-फ्री लिहिलेलंच घ्या. पिठातला गहू काही निवडून काढता येत नाही.

हे आपल्या लोकांना समजावायला शास्त्राची गरजच नाही. गावच्या गिरणीत डबा घेऊन गेलेला प्रत्येक जण हे जाणतो. “काय चाललंय? गव्हावर गहूच टाका, ज्वारीवर नको,” असं सांगून रांगेत थांबणाऱ्या बायकांना कुणी ग्लूटेन शिकवलं नव्हतं. कशावर काय दळलं यावर पीठ ठरतं, एवढं त्यांना माहीत होतं. उपासाच्या पिठासाठी तर आधी जातं झाडून घ्यायची पद्धत होती. तेच शहाणपण आता मिसिसागा-ब्रॅम्प्टनमधल्या ‘फ्रेश चक्की’पुढे वापरायचं आहे. तिथे दिवसभर गहूच दळला जात असेल, तर तिथून आणलेलं ज्वारीचं पीठ सीलिॲकवाल्यासाठी ज्वारीचं नव्हे.

यादीतले चकवे

आता धान्यांच्या यादीकडे येऊ, कारण तीही लागतेच. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, मका, सगळ्या डाळी हे सगळं मुळात चालतं. मराठी स्वयंपाकघर या बाबतीत नशीबवान आहे. पिठलं-भाकरी, घावन, उकडीचे मोदक, अनारसे, साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी यात गहू नाहीच. एकादशीचं ताट बहुतेक जसंच्या तसं चालतं. युरोपीय कुटुंबात सीलिॲक निघाला की पावाशिवाय जगायचं कसं इथून सुरुवात होते. आपल्याला निम्मी वाट आजीने आधीच करून ठेवलीय.

पण चकवेही आपलेच आहेत. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो. मेतकुटातही मूठभर गहू पडतो. कुरडया गव्हाच्याच. सातूच्या पिठात गहू किंवा जव. इडली रवा तांदळाचा, पण रवा इडली गव्हाची. नावातले शब्द फक्त मागेपुढे झालेत. डिंकाच्या लाडवात कुणी कणीक भाजून घालतं, कुणी बेसनाच्या लाडवात रवा. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी बार्लीच्या. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, त्यामुळे मंच्युरियन गेलं. उलट बकव्हीटच्या नावात व्हीट असूनही तो कुट्टू आहे, गव्हाचा कुणी नाही.

सर्वात मोठा गैरसमज सध्या खपली गव्हाबद्दल आहे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात खपलीचा बोलबाला झालाय आणि इथे येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेतून तो येतोही. “हा जुना गहू आहे, याने काही होत नाही. त्रास होतो तो तुमच्या तिकडच्या गव्हाचा,” असं सांगितलं जातं. खपलीचे इतर गुण असतील ते असोत, त्यात ग्लूटेन आहे, आणि सीलिॲकला तो चालत नाही. आंबवून केलेला सावरडो पावही तसाच.

आणि मग हिंग. बाजारातला बांधानी हिंग म्हणजे हिंगाचा अर्क, डिंक आणि पीठ. हे पीठ अनेकदा गव्हाचं असतं. चिमूटभर हिंगाची एवढी भीती घ्यावी का? हिशेब करू. समजा चिमटीत पाव ग्रॅमपेक्षा थोडा कमी, म्हणजे २०० मिलिग्रॅम हिंग आला आणि त्यातलं निम्मं गव्हाचं पीठ आहे. १०० मिलिग्रॅम पिठात साधारण १० मिलिग्रॅम ग्लूटेन. आमटी चौघांत वाटली तर वाट्याला आलं अडीच. एकट्या आमटीने आभाळ कोसळत नाही. पण आपल्या ताटात हिंग एकट्या आमटीत नसतो. भाजीत आहे, कोशिंबिरीच्या फोडणीत आहे, उडदाच्या पापडात, लोणच्यात आणि मठ्ठ्यातही आहे. सगळं मिळून दिवसाची मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि तीही रोज. तांदळाच्या पिठाचा, ग्लूटेन-फ्री लिहिलेला हिंग इथल्या दुकानांत मिळतो. डबी वर्षभर पुरते. घरी कधीमधी सीलिॲकवाला पाहुणा येत असेल, तर ती एक डबी बदला. सगळ्यात कमी खर्चात होणारं काम आहे हे.

कायदा जिथे पोचत नाही

मंडळाचं हळदीकुंकू, गणपतीचा महाप्रसाद, कोजागिरीचं पॉटलक, शनिवारची मराठी शाळा, घरगुती टिफिन, आणि दिवाळीत भारतातून येणारा फराळाचा डबा. आपलं सामाजिक आयुष्य ज्यावर चालतं त्या या खाण्यावर लेबल नसतंच. उपाहारगृहाच्या दारावर आरोग्य खात्याच्या तपासणीची पाटी असते, ती स्वच्छतेची. समोसे आणि बटाटेवडे एकाच तेलात तळले का, डोशाच्या पिठात रवा आहे का, हे ती सांगत नाही. ‘ग्लूटेन-फ्रेंडली’ असं लिहिलेलं दिसलं तर तिथेही जपून. कायद्याने ठरवलेला शब्द ग्लूटेन-फ्री आहे. फ्रेंडली म्हणजे फक्त मैत्री, जबाबदारी नाही.

वजन कमी करायला म्हणून ग्लूटेन सोडणाऱ्यांमुळे बाजारात पर्याय वाढले, हे मान्य. पण त्याच फॅशनमुळे सीलिॲकवाल्याकडेही ‘आणखी एक नखरा’ म्हणून पाहिलं जातं. एका घरगुती टिफिनवाल्यांकडे आम्ही भाकरीची चौकशी केली तेव्हा “हो हो, ग्लूटेन-फ्रीच आहे” असं उत्तर आलं. भाकरी लाटताना-थापताना खाली कसलं पीठ भुरभुरता, असं विचारल्यावर कळलं, गव्हाचं. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. ज्वारीची भाकरी म्हणजे ज्वारीची, असं त्यांना मनापासून वाटत होतं. प्रश्न नेमका विचारल्याशिवाय उत्तर नेमकं येत नाही. परात, पोळपाट, तवा, पिठाची चाळणी वेगळी आहे का? तेल वेगळं आहे का? एवढे दोन प्रश्न पुरतात.

सर्वात अवघड जागा प्रसादाची. सत्यनारायणाचा शिरा नाकारला की घरातली मोठी माणसं दुखावतात. प्रसादाकडे पाठ फिरवल्यावर काय झालं ते कथेतच आहे ना! मी मुद्दाम पोथी उघडून पाहिली. नैवेद्याच्या साहित्यात केळी, तूप, दूध, साखर आणि गव्हाचं पीठ सांगितलंय, आणि लगेच पुढे, गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालेल असंही सांगितलंय. म्हणजे पोथीनेच सोय करून ठेवली आहे. तांदळाच्या रव्याचा शिरा देवाला चालतो, मग आपल्याला का चालू नये? निदान एक वाटी वेगळी, आधी काढून ठेवलेली, झाकलेली असावी. शिऱ्याच्याच पळीने वाढलेलं पंचामृत मात्र नको.

यात पणाला काय लागलंय, ते मुलांकडे पाहिलं की कळतं. दर कार्यक्रमात आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसणारं मूल काही वर्षांनी “मी नाही येत” म्हणतं. इथे जन्मलेल्या मुलांना मराठीशी बांधून ठेवणारे धागे आधीच मोजके. त्यातला खाण्याचा धागा सगळ्यात चिवट, आणि नेमका तोच तुटतो.

तपासणी, पैसा आणि तिकडची भावंडं

शंका असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा: तपासणीच्या आधी गहू बंद करू नका. रक्तातल्या टीटीजी-आयजीए चाचणीने सुरुवात होते आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. ग्लूटेन आधीच थांबवलं तर दोन्ही तपासण्या चुकीचा दिलासा देऊ शकतात. “सोडून बघू, बरं वाटलं तर समजू” हा मार्ग सोपा वाटतो, पण निदान नसेल तर आयुष्यभर काटेकोर पाळायचं बळही येत नाही. ऑन्टारिओत रुग्णालयाबाहेरच्या प्रयोगशाळेत ही रक्तचाचणी अनेक वर्षं स्वखर्चाने करावी लागायची. त्यामुळे फॅमिली डॉक्टरकडे आधी खर्चाची चौकशी करा, पण खर्चापायी चाचणी टाळू नका.

करसवलतीबद्दलही ऐकून माहीत असतं, नीट माहीत नसतं. डॉक्टरांचं पत्र असेल तर ग्लूटेन-फ्री पदार्थ आणि त्याच प्रकारचा साधा पदार्थ यांच्या किमतीतला फरक वैद्यकीय खर्चात दाखवता येतो. पावाची संपूर्ण किंमत दाखवता येत नाही. शिवाय वैद्यकीय खर्च उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेपलीकडे गेला तरच फायदा. वर्षभर पावत्या जपून, एकेका वस्तूचा फरक मांडून शेवटी हातात फार काही पडत नाही, असा बऱ्याच जणांचा अनुभव. त्यापेक्षा महागडा ग्लूटेन-फ्री पाव कमी करून ज्वारी-तांदळाकडे वळणं खिशाला जास्त परवडतं.

हे वाचणाऱ्या भारतातल्या नातेवाइकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. सीलिॲक रक्ताच्या नात्यात चालतो. रुग्णाच्या आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात साधारण दहांत एकाला तो असू शकतो, आणि अनेकदा लक्षणांशिवाय. मिसिसागात मुलीचं निदान झालं, तर सांगली-नागपूरमधल्या तिच्या भावाने आणि आईनेही एकदा रक्त तपासून घ्यावं. “तिकडच्या हवेने झालं” म्हणून सोडून देऊ नये. हवेचा काही संबंध नाही.

आणि फराळ पाठवणाऱ्या आई, सासूबाई, आत्या, मावशी, तुम्ही पाठवणं थांबवू नका. फक्त प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घाला: काय काय घातलं, हिंग कुठला वापरला, पीठ कुठे आणि कशावर दळलं, तळणीत आधी शंकरपाळे होते का. शक्य असेल तर पहिल्या दिवशी, स्वच्छ कढईत, नव्या तेलात चकली-चिवडा करून डबा बंद करा आणि मग गव्हाच्या पदार्थांकडे वळा. तुमची चार ओळींची चिठ्ठी इथे कुठल्याही छापील लेबलपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मंडळांनाही याहून मोठं काही करायची गरज नाही. पॉटलकच्या टेबलावर प्रत्येक पातेल्यापुढे घटकांचं कार्ड, ग्लूटेन नसलेल्या पदार्थांचं वेगळं टेबल आणि वेगळे डाव, आणि सीलिॲकवाल्यांना रांगेत पहिला नंबर, म्हणजे पोळीचा चमचा भाजीत जाण्याआधी त्यांचं वाढून होईल. यासाठी समिती नको, निधी नको. येत्या गणपतीपासून करता येईल.